मोटारीला पाणी

अमरावती,
ता. १२ डिसेंबर १९४३

तीर्थस्वरूप वहिनीस,

देवीदासचा साष्टांग नमस्कार.

पेरूंची टोपली पोचली. तळाशी फडक्यात बांधलेले मोटारीचे कड्यांसारखे दोन बुशही पोचले. ते आधी शकुनच्या हाती लागले. तिने पुसून मुलांना खेळायला दिले. मी शाळेतून आलो तेव्हा ते अंगणात गडगडत होते.

काल शनिवारी ते घेऊन इनायतुल्ला मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे पहिल्यापासून सांगितले. मोटार फ्रान्सची आहे, गाव सोडून जाणाऱ्या एका कापसाच्या दलालाकडून दादांनी ती घेतली, मागची बैठक काढून भाजीच्या टोपल्यांसाठी फळ्या ठोकल्या, आणि आता हातातले चाक चार बोटे फिरवले तरी पुढच्या टायरांना त्याचा पत्ता नसतो. मिस्त्री म्हणाले की या मोटारीचे स्टिअरिंग इतरांसारखे पेटीचे नाही. पुढे एक आडवा दातेरी दांडा आहे. तो नळीत डावी-उजवीकडे सरकतो आणि चाके वळवतो. त्या दांड्याला दोन्ही टोकांना आवळून धरायचे काम या बुशांचे. ते झिजले म्हणून दांडा नळीत हेलकावे खातो. असाच चालवत राहिले तर एक दिवस दातातून दात सुटेल, हातातले चाक नुसते गरगर फिरेल आणि मोटार आपल्या मनाने जाईल.

फ्रान्समधून काही येण्याचे हे दिवस नाहीत. मिस्त्री लेथवर नवे बुश कातून देऊ शकतात, पण त्याला काशासारखा चांगला धातू लागतो, आणि लढाईमुळे तो बाजारातून नाहीसा झाला आहे. हे सांगून झाल्यावर त्यांनी गोणपाटाखालून एक जाड तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला.

"मास्टरसाब, इसमें से दोनों निकल जायेंगे. कहाँ से आया, ये मत पूछो."

विचारण्याची गरज नव्हती. त्यावर रेल्वेची अक्षरे होती, कानशीने अर्धी घासलेली. डब्याच्या चाकांच्या आसावर बसणारा तो तुकडा कोणीतरी यार्डातून उचलून आणलेला होता. मी नाही म्हणालो.

रोजनिशीत हे लिहायला बसलो, पण 'नाही' कोणासाठी म्हणालो ते काही लिहिता येईना. ज्या डब्याखालून तो निघाला त्यात बसणाऱ्या माणसांसाठी, की वर्गात पोरांना खऱ्या-खोट्याचे धडे देणाऱ्या मास्तरासाठी? ओळ अर्धी सोडली. थकलोही होतो. हल्ली दोन वर्ग एकत्र बसवतात, आणि घरी आल्यावर रॉकेलच्या रांगेत उभे राहावे लागते.

परवान्याने धातू मिळतो का ते पाहण्यासाठी कचेरीत अर्ज करतो. तोवर दादांनी मोटार बाहेर काढू नये. वच्छलेची बातमी वाचून आम्हा दोघांना फार बरे वाटले. सातव्या महिन्यात तिला चांदूर बाजारहून मोटारीत बसवून माहेरी आणायचे, असे दादांनी व्याह्यांना सांगून टाकले आहे म्हणता. त्याला अवकाश आहे. तोवर काहीतरी होईल.

आपला,
देवीदास

*

मु. अकोला, मळा
संक्रांतीचा आदला दिवस

चिरंजीव देवीदास भाऊजी यास,

वहिनीचा आशीर्वाद. शकुनले अन् लेकरायले बी.

तुमचा कागद मी वाचून दाखवला. तुमच्या दादायनं पुरा आयकला. मंग म्हने, "चोरीच्या वस्तूले तो हात लावनार नाही, हे मले मालूमच होतं." हे त्यायनं किसनरावले सांगतलं, भाजी घ्याले आलेल्या बायायले सांगतलं, बाजारातल्या दलालाले बी सांगतलं. जसे काही तुमी पुन्हा एकदा बीए झाले.

पन तुमच्या अर्जाची वाट पाहत बसनारा मानूस तो नोहे. परसाल फाटलेली मोट गोठ्यात टांगली होती. ती काढली. आपल्या मोटा शिवते तो किसनराव अन् हे, दोघं मिळून बसले. चामड्याच्या गोल गोल चकत्या कापल्या, मधात भोक पाडलं, एरंडीच्या तेलात मुरवल्या, मंग हौदात भिजत टाकल्या. फुगल्यावर एकावर एक नळीत ठोकल्या. मी चाक फिरवून पायलं. जोर लावा लागला मले. जिकडे फिरवलं तिकडेच टायर वळलं.

तुमचे दादा म्हनतेत, "देवीदासले लिही. मोटेचं चामडं रोज विहिरीत उतरते, वाघासारखं पानी वर आनते, त्याले काही होत नाही. हा दांडा कोन मोठा लागून गेला? कॉलेजात चामड्याचा धडा नसते म्हना."

आता रोज बाजारात जातेत. येता-जाता एकाएकाले चाक फिरवून दाखवतेत. तवा तुमी चिंता करू नोका.

तुमी मले दारात बसवून ग म भ न शिकवलं, त्यावर हा एवढा कागद लिहून झाला. हात दुखला.

माणिकबाई

*

अमरावती,
ता. २३ जानेवारी १९४४

तीर्थस्वरूप वहिनीस,

देवीदासचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून शकुन फार हसली. दादांचा चामड्याचा धडा मी शाळेत इतर शिक्षकांनाही सांगितला. एकाने विचारले, तुमचे बंधू आमच्या हेडमास्तरांनाही चकत्या बसवून देतील का, तेही फार हेलकावे खातात.

इनायतुल्ला मिस्त्रींना सांगायला मुद्दाम गेलो. त्यांनी खांदे उडवले. "लेदर तो लेदर सही." तो रेल्वेचा तुकडा अजून गोणपाटाखाली होता. मी त्याकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिले.

परत येताना पाय हलके पडत होते, हे कबूल करतो. पण घरी पोचेपर्यंत तो हलकेपणा मला आवडेनासा झाला. चामडे चांगले ठरावे असे मला वाटते आहे, आणि ते दादांसाठी जितके वाटते तितकेच माझ्या 'नाही'साठीही वाटते. चामडे टिकले तर माझा प्रश्न सुटला. अशा माणसाने चामड्याविषयी मत देऊ नये. म्हणून देत नाही.

अर्जाचे उत्तर नाही.

आपला,
देवीदास

*

मु. अकोला
धुळवडीचा दुसरा दिवस

चिरंजीव देवीदास भाऊजी यास,

आशीर्वाद.

इकडे सारं बरं आहे. वांगी निघून राहिली. कोबी सरत आली. ऊन यंदा लवकर तापलं. गुलाबाले दोन येळा पानी द्या लागते.

मोटार चालू आहे. थोडी बोलते. महिना झाला, चाक वळवलं का कुईं करते, जशी तेल-ओंगन नसलेली बैलबंडी. तुमच्या दादायनं त्याच्यावर उपाव काढला. सकाळी झाडायले पानी देऊन झालं का एक लोटा मोटारीले घालतेत. खाली वाकून, नळीवर, हळू हळू, जसं रोपाले घालावं. मंग ती कुईं करत नाही. बाजारातल्या बाया वाटच पाहतात. बेबीताई काल सगळ्यायसमोर म्हने, "पंजाबराव, खत बी टाका, पोळ्यापर्यंत फुलं येतीन." हे हासले. म्हने, "फुलं आली तं पयली वेनी तुलेच."

परवा कोबीचं एक टोपलं सांडलं. बाकी विशेष नाही.

वच्छलेचा निरोप आला. तब्येत बरी आहे. अखाजी झाली का आनाचं ठरलं. मागची बैठक पुन्हा बसवनार आहेत. व्याही गोवर्धनजी लग्नात "भाजीची मोटार" म्हनले होते, ते तुमच्या दादायच्या मनातून जात नाही. पोरगी त्याच मोटारीत गादीवर बसून आली पाह्यजे म्हनतेत.

माणिकबाई

*

अमरावती,
ता. १९ मार्च १९४४

तीर्थस्वरूप वहिनीस,

देवीदासचा नमस्कार.

कोबीचे टोपले कसे सांडले ते तुम्ही लिहिले नाही. तुम्ही एवढे कमी कधी लिहीत नाही. मोटार नालीत गेली का? दादांना लागले का? मला खरे कळवा.

लोट्याची गोष्ट वाचून आधी हसलो. मग वर्गात मुलांना निबंध लिहायला सांगून बसलो असताना एकदम लक्षात आले. मी माळ्याच्या घरात वाढलो, मोटेच्या धावेवर बैलांमागे चाललो, आणि मला हे जानेवारीत सुचू नये? मोटेचे चामडे कधी वाळतच नाही. ते रोज पाण्यात जाते. आपण कोणी कोरडी मोट कामाला लावलेली पाहिलीच नाही. गोठ्यात टांगलेली जुनी मोट आठवा, ठोकली तर लाकडासारखी वाजते. ज्या चामड्यावर दादांचा विश्वास आहे ते विहिरीतले चामडे. मोटारीखाली ते वैशाखाच्या सडकेवर असणार. चकत्या आक्रसतील, चिरतील, आणि दांडा होता त्याहून मोकळा होईल. एका लोट्याने अकोल्याच्या बाजारापर्यंत निभते. चांदूर बाजारपर्यंत निभणार नाही, आणि येताना वच्छला आत असेल.

कचेरीचे उत्तर आले. खाजगी मोटारींसाठी धातू देता येत नाही.

मिस्त्रींच्या दुकानावरून दोनदा गेलो. एकदा थांबलोही. तुकडा दिसत होता. त्यांनी विचारले, "क्या सोचा?" मी म्हणालो, सहज आलो होतो. वहिनी, ज्या डब्याखालून तो काढला तो डबा आज कुठे धावतो आहे, त्यात कोण बसले आहे, हे माझ्या मनातून जात नाही. तसा तो यार्डात मोडीत पडलेला असण्याचाही संभव आहे. मला ठाऊक नाही. ठाऊक नसताना घ्यावे कसे, आणि ठाऊक नसताना नाकारावे तरी कसे, असे दोन्ही बाजूंनी चालते.

दादांना एवढेच सांगा, की मी स्वतः जाऊन वच्छलेला बडनेऱ्याहून आगगाडीने घेऊन येतो. गर्दी असते, पण जागा मिळवीन.

आपला,
देवीदास

*

मु. अकोला
अखाजीच्या आधीचा सोमवार

चिरंजीव देवीदास भाऊजी यास,

आशीर्वाद.

टोपलं कसं सांडलं ते लिहिते. बाजाराच्या वळनावर यायनं चाक फिरवलं, मोटार वळली नाही. नीट समोर गेली, रसवंतीच्या खांबाले लागली. तिथं रोज एक म्हतारी लिंबू घेऊन बसते. त्या दिवशी ती उठून पानी प्याले गेली होती. म्हनून टोपलंच सांडलं. यायनं मले शपथ घातली होती का देवीदासले लिहाचं नाही. मी आता लिहून राहिली.

तुमचा कागद त्यायले वाचून दाखवला. चामडं वाळते हे आयकून घेतलं. मंग म्हने, "दोन लोटे घालीन." आगगाडीचं म्हनलं तं उठून विहिरीवर निघून गेले. व्याह्याले शब्द देला आहे, म्हनतेत. किसनरावनं नव्या चकत्या करून देल्या, त्याच मोटेच्या.

भाऊजी, तुमचा कागद मी दोनदा वाचला. तुमी डब्यातल्या मानसायचा इचार करता, हे मले चांगलं वाटते. मले त्यायची तोंडं दिसत नाही. मले वच्छलेचं दिसते. तुमी नाही म्हनता तेही खरं असन. पन तुमचं नाही इथं येऊन कोनाच्या आंगावर पडते, हे पाहा. तुकडा घ्या, नाहीतर यायले आडवा. दोनातलं एक करा. आता कागद लिहू नोका.

अखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघतीन. दुपारी तुमच्याकडे येतीन. दुसऱ्या सकाळी चांदूर बाजार.

माणिकबाई

*

अमरावती,
ता. ४ मे १९४४

तीर्थस्वरूप वहिनीस,

देवीदासचा साष्टांग नमस्कार.

वच्छला आणि दादा सुखरूप पोचल्याची तार मिळाली. दादांनी तुम्हाला काय सांगितले मला ठाऊक नाही. बहुधा थोडेच सांगितले असेल. म्हणून मी लिहितो. कागद लिहू नका म्हणालात, पण हे झाल्यानंतरचे आहे.

तुमचे पत्र आले त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ मिस्त्रींकडे गेलो. या वेळी सहज गेलो नव्हतो. वाटेत मनाशी काही वाद घातला नाही. वाद घालण्याचा कंटाळा आला होता. दुकानात जाऊन म्हणालो, तो तुकडा कातायला घ्या. मिस्त्रींनी हातातले काम खाली ठेवले.

"आपने ना कहा था, मास्टरसाब. बिक गया. लॉरीवाला ले गया."

मी तिथल्या बाकावर बसलो. त्यांनी चहा मागवला. दुसरा तुकडा मिळेल का, असेही मी विचारले. हेही तुम्हाला ठाऊक असावे. नाही म्हणाले.

दादा ठरल्या दिवशी दुपारी आले. मोटारीच्या पुढच्या अंगाला ओले पोते गुंडाळलेले होते. ते केव्हाच वाळून कडक झाले होते. पायाशी रिकामी घागर. शकुनने पाण्याचा पेला दिला तर त्यांच्या हातातून अर्धे पाणी सांडले. मूर्तिजापूरपासून मोटार धरून ठेवावी लागली म्हणाले, मारक्या बैलासारखी. जेवण झाल्यावर मात्र लगेच चकत्या काढून भिजत घालायला निघाले. आम्ही दोघांनी त्या काढल्या. खारकेसारख्या झाल्या होत्या. एक तर बोटांत मोडली.

मी चामड्याचे पुन्हा सांगितले, आगगाडीचे सांगितले, रसवंतीच्या खांबाचेही सांगितले. तुम्ही लिहिलेत म्हणून ते तुमच्यावर चिडले असतील तर दोष माझा. ते ऐकत होते आणि बादलीत चकत्या एकेक सोडत होते. म्हणाले, "रातभर भिजतीन. सकाळी ठोकू. गोवर्धनजीच्या दारात मोटार उभी झाली का झालं."

मग माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट उरली होती. ती सांगायची नाही असे मी ठरवले होते, कारण मिळालेच नव्हते तर सांगून काय उपयोग. तरी म्हणालो, "दादा, मी तो रेल्वेचा तुकडा घ्यायले गेलतो."

त्यांनी वर पाहिले. "तू गेलता?"

"गेलतो."

"घ्यायले?"

"घ्यायले. विकून गेला होता."

त्यांनी हात बादलीतून काढले आणि धोतराला पुसले. माझ्याकडे असे पाहत राहिले, जसे घरात कोणाचे काही बिघडल्याचे नुकतेच कळले आहे. नंतर मोटारीकडे पाहिले, मागे पुन्हा बसवलेल्या बैठकीकडे, तुम्ही अंथरलेल्या गादीकडे. शेवटी म्हणाले, "मंग मोटार राहू दे."

एवढेच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवासी सर्व्हिस-मोटारीने चांदूर बाजारला गेलो. गोवर्धनजी ओट्यावरच बसले होते. आमच्या मागे पाहून म्हणाले, "मोटार कुठं ठेवली व्याही?" मला मान खाली घालावीशी वाटली. दादा चप्पल काढता काढता म्हणाले, "धाकट्याच्या घरी आहे. पानी पिऊन राहिली." गोवर्धनजींना काही समजले नाही, पण वच्छला आतल्या दारात होती, ती हसली. तिला लोट्याची गोष्ट तुम्ही कळवली असणार. तब्येत चांगली आहे तिची. पायावर थोडी सूज आहे, तेवढी पाहावी.

बडनेऱ्याला गर्दी होती. एका म्हाताऱ्या बाईने वच्छलेला पाहून आपली जागा दिली. दादा दाराशी ट्रंकेवर बसले. गाडी हलली तेव्हा मी फलाटावर उभा राहून डब्याखालच्या चाकांकडे पाहत होतो. प्रत्येकापाशी तसा तुकडा जागेवर आहे का, हे चालत्या गाडीत दिसत नाही. वच्छला हात हलवत होती ते माझ्या उशिरा लक्षात आले.

वहिनी, दादा आयुष्यभर चारचौघांत माझ्याविषयी जे सांगत आले ते आता खरे नाही. माझे हात स्वच्छ राहिले, पण ते मी राखले म्हणून राहिले नाहीत. मला उशीर झाला म्हणून राहिले. आणि मी डिसेंबरातच हो म्हणालो असतो तर वच्छला गादीवर बसून घरी आली असती. किंवा कोणी दुसरी वच्छला घरी पोचली नसती. रोजनिशीत ती अर्धी ओळ अजून तशीच आहे.

मोटार आमच्या अंगणात निंबाखाली उभी आहे. मुले तिच्यात शाळा-शाळा खेळतात.

आपला,
देवीदास

*

मु. अकोला
वैशाखी पुनव होऊन गेल्यावरचा बाजार

चिरंजीव देवीदास भाऊजी यास,

आशीर्वाद. शकुनले सांगा, वच्छलेच्या पायाची सूज उतरली. आंबट मागते दिवसभर.

तुमचा कागद मी एकटीनंच वाचला. वाचून नाही दाखवला.

तुमच्या दादायनं मले घरात पाय ठेवल्याबरोबर इतकंच सांगतलं, "देवीदास तुकडा घ्याले गेलता. मंग मी काय चालवतो?" मी म्हनलं, माह्यं एवढे दिवस आयकलं नाही, अन् त्याचं एका बोलन्यात? म्हने, "तू तं रोजच भेते. तो चोरीचं घ्याले गेला म्हनजे मरन दारात उभं असन."

आता बाजारात तुमची गोष्ट सांगत नाहीत. किसनराव मुद्दाम म्हने, तुमचा मास्तर भाऊ काय म्हनते, चोरीच्या काडीले हात नाही लावत ना? यायनं टोपलं उचललं अन् चालाले लागले. मी घरी इचारलं काहून. तं म्हने, "ते आता बाहेर सांगाची गोष्ट नाही राह्यली. घरातली झाली." रागानं नाही म्हनले. मी तोंड पायलं होतं.

हाताचं तुमी लिहिलं ते मले काही समजलं नाही. डब्यातल्या मानसायचं बी मले सांगता येत नाही. तुमी गेलते, मले तेवढं पुरते. ती अर्धी ओळ राहू द्या तशीच.

भाजी आता बंडीनंच जाते. बैलं सुस्तावली होती, त्यायले बरं झालं.

तुमच्या दादाचा एक निरोप आहे. म्हनतेत, ज्या चकत्या मोडल्या नाहीत त्या बादलीतच ठेवजा, अन् पानी दोन दिसाआड बदलजा. लढाई सरून बुश येईपर्यंत त्या वाळू देऊ नोका.

माणिकबाई